दादा, प्लेट कोरी निघाली तर

दादा,

तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन आटोपून मी आपल्या मूल गावाहून नागपूरला परत आले आणि पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या तुझ्या खोलीतून आमच्या लॅबमध्ये नमुना आला. डबीवर वॉर्ड तोच, खोली तीच, खाली नाव मात्र दुसऱ्या कुणाचं. मी डबी हातात घेऊन नुसती उभी राहिले. शेजारच्या टेबलावरची मीनल म्हणाली, "ताई, द्या, मी लावते." मी दिली नाही. तुझ्या पलंगावर आता जो कुणी झोपतो आहे, त्याचा स्वॅब मीच प्लेटवर ओढला, झाकण लावलं आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी होती. जंतूचा एक ठिपका नाही. आमच्याकडे ही चांगली बातमी असते. मी वॉर्डात फोन करून ती सांगितली, फोन ठेवला आणि मला त्या अनोळखी माणसाचा इतका राग आला की माझी मलाच लाज वाटली. त्याचं पोट स्वच्छ आणि तुझं का नाही? त्या बिचाऱ्याने काय केलं होतं? पण राग आला, हे खरं आहे. तुझ्याशी खोटं बोलून मला कधी पचलेलं नाही.

माझ्या कामाची तू आयुष्यभर टिंगल केलीस. मूलच्या शाळेत विज्ञान शिकवायचास तू, आणि स्टाफरूममध्ये माझी ओळख करून द्यायचास, "हे माही बहीण बेबी. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लोकायच्या पोटातला कचरा उगवून पाह्यते." सगळे हसायचे, मी तोंड वाकडं करायची. आणि या धंद्याची दीक्षा मला दिली कोणी? तूच ना? मी शाळकरी होते तेव्हा आईच्या विरजणाची वाटी माझ्या नाकाशी धरून तू म्हणाला होतास, "यात जीव आहे. दिसत नाई, पण आहे. आईनं हे शेवंताकाकूकडून आणलं, काकूनं तिच्या मायघरून. कोणाच्या घरून निघालं हे, कोणालेच माहीत नाई." मी त्या वाटीत किती वेळ बघत बसले होते. आईने दोघांनाही हाकललं होतं.

आणि इतक्या वर्षांनी तुझ्या रक्तात कॅन्सर निघाला. केमो झाली, आजार दबला, पण डॉक्टर म्हणाले की अस्थिमज्जेचं ट्रान्सप्लांट केलं नाही तर तो परत येईल. तपासण्या झाल्या आणि माझ्या पेशी तुझ्याशी तंतोतंत जुळल्या. तुझं म्हणणं, "जुळतीनच ना, लहानपणापासून माहं सगळं उचलत आली तू." वहिनी त्या दिवशी हसली होती. मी तिला त्यानंतर तशी हसताना फार पाहिली नाही.

ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात घेतलं की प्रत्येकाच्या शौचाच्या जागेतून स्वॅब घेतात. कोणत्याही औषधाला न जुमानणारा जंतू पोटात दडून बसलाय का, ते बघायला. सिस्टर स्वॅब घेऊन आल्या तेव्हा तू म्हणालास, "पेपर मागल्या दारानं फुटते म्हंतात तो हाच का, सिस्टर?" त्या बिचाऱ्या लाल झाल्या. मी दाराबाहेर उभी राहून कपाळाला हात लावला.

घरच्या माणसाचा नमुना आपण लावायचा नसतो, म्हणून तुझी प्लेट मीनलने लावली. बघायला मात्र मला कोणी अडवलं नाही. औषध घातलेल्या त्या प्लेटवर काहीच उगवायला नको होतं. तिथे निळे, ओलसर, चकाकते ठिपके रांगेने उभे होते, शेताच्या धुऱ्यावर लावलेल्या तुरीसारखे. तसल्या प्लेट मी रोज बघते, पण ही तुझी होती. तुला सांगायचं काम मी मागून घेतलं.

तुला मी सोप्या भाषेत सांगितलं आणि तू मला मध्येच दुरुस्त करत राहिलास, सवयीने. जंतू आत्ता गप्प आहे, त्रास देत नाही. पण ट्रान्सप्लांटच्या आधी तुझी जुनी मज्जा औषधाने रिकामी करणार, आणि माझ्या पेशी रुजेपर्यंत तुझ्या अंगात लढणारं कोणी नसणार. तेव्हा हा पोटातून रक्तात उतरला तर नेहमीची औषधं त्याच्यापुढे पाणी आहेत. आधी कळलं म्हणून ताप येताक्षणी त्याच्यावर चालणारं औषध देता येईल. आणि तो तुझ्याकडून शेजारच्या खोलीत जायला नको, कारण तिथे वडशाची एक तरुण मुलगी तशाच रिकाम्या अंगाने पडलेली आहे.

मला वाटलं तू घाबरशील. तू तर उठून बसलास. "पण हे माह्या पोटात आलं कुठून? थांब, पाह्यू. तो गाडीवर फिरणारा डॉक्टर, दर तापात सुई टोचे, तो एक. चंद्रपूरच्या दवाखान्यात पडून राह्यलो, ते दुसरं. मार्कंड्याच्या जत्रेत पोट्टे घेऊन गेलो होतो, तिथं नदीचं पाणी प्यालो." आणि मग डोळे बारीक करून, "अन् एक तू."

"मी?"

"तू या जंतूयच्याच संगतीत राह्यते. दर पंधरवड्याले घरी येते अन् माह्या ताटात कांदा कोण चिरून टाकते?"

"माहा काय संबंध? दिवसभर हातच धुवून राह्यते मी."

"मंग तुहाबी स्वॅब दे ना. भेते का?"

मी म्हटलं, फालतू बोलू नको, पेशी देणाऱ्याला तसा नियम नाही. नियम नव्हताच. तू गंमत करत होतास. तुझ्या डोळ्यांत चेष्टेशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तू गेल्यापासून ते वाक्य माझ्या मागे मागे फिरतं आहे. नळ सोडला की ऐकू येतं. कांदा चिरायला घेतला की ऐकू येतं.

त्याच संध्याकाळी तुझ्या दारावर पिवळी पाटी लागली. आत जाताना झगा, हातमोजे, बाहेर पडताना सगळं काढून टाका, हात धुवा. तुझं ताट वेगळं, कपड्यांची पिशवी वेगळी. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही, मी ती पाटी रोज बघते. मग मूलहून आई आली. तुझ्यासाठी डबीत विरजण घेऊन आली होती, ते आत न्यायला मनाई. सिस्टरने तिला झगा चढवला, हातमोजे दिले, आणि ती तुझ्या दारात थांबली ती थांबलीच. आत जाईना.

"हे कायले?" ती मला म्हणाली. "त्याचं ताट येगळं, त्याले हात नाई लावाचा. आमाले वाटलं होतं, हे संपलं."

आईचं माहेर गोंडपिपरीकडचं. तिथल्या विहिरीवर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलेली तिची आई. त्यानंतर घरात बुद्ध आले, बाबासाहेब आले, तू मास्तर झालास, मी दवाखान्यात लागले, आणि आता तिच्या मुलाला हात लावायला मधे रबर. मी तिला समजावत होते, की आई, हे जातीचं नाही, हे जंतूचं आहे, कुणाच्याही दारावर लागतं. सगळं खरं होतं आणि माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. शेवटी तू आतून ओरडलास, "ये ना वं आई, बेबी काई सांगते तुले! मी राजा हावो इथचा, मले कोणी शिवत नाई!" ती रडत रडत आत आली.

ती गेल्यावर मात्र तू चेष्टा केली नाहीस. तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते तसंच अर्धवट राहिलं. तू म्हणालास, "पाटी लावाचीच आहे तं सगळ्या दारावर लावा. सगळ्याइपाशी झगे घालून जा. एकाच दारावर काऊन?"

"ज्याच्यात सापडला त्याच्याच दारावर लागन ना."

"सापडला नाई म्हंजे नाईच, असं कोण म्हंते? तूच सांगत होती, स्वॅब चुकते कधीमधी."

"दादा, तू सायन्सचा मास्तर आहेस. तुले समजत नाई का?"

"समजते. पण समजते म्हणून दुखत नाई, असं थोडी आहे?"

मी चिडले. आवाज चढवून म्हटलं, त्या पोरीले काई झालं तं तू जबाबदारी घेशील? तू भिंतीकडे बघितलंस. पलीकडून तिच्या टीव्हीचा आवाज येत होता. "नाई," तू म्हणालास, "तिले काई होऊ देऊ नको." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाद नव्याने. जिद्दी तर तू होतासच, आपल्या घरात कोण नाही?

माझ्या दोन्ही हातांना सुया लावून मशीनने पेशी काढल्या. पिशवी तुझ्या पलंगाशी टांगली तेव्हा तू मान वर करून बघितलंस. "एवढीशी? याच्यापेक्षा आंब्याचा रस जास्त वाढते आई." थेंब थेंब मी तुझ्यात जात होते आणि तू डोळे मिटून झाडीपट्टीच्या नाटकातल्या कुठल्याशा राजाचं भाषण म्हणत होतास. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांत गावोगाव गाजवलेला तुझा तो आवाज तेव्हा कुजबुजीएवढाच उरला होता. तरी सिस्टर ऐकायला थांबल्या होत्या.

मग ताप आला. येणारच होता. आणि दादा, मला हे तुला मोठ्याने सांगायचं आहे, कारण तू स्वॅबला शिव्या घातल्या होत्यास. त्या तापात कोणी अंदाज बांधत बसलं नाही. तुझी निळी प्लेट आम्ही बघितली होती, म्हणून त्याच जंतूवरचं औषध त्याच घटकेला तुझ्या शिरेत गेलं. तू वाचलास. माझ्या पेशी रुजल्या. डॉक्टर म्हणाले, हळूहळू यांचा रक्तगट बहिणीचा होईल, आणि तू वहिनीला म्हणालास, "आता सांभाळून राह्य. अर्धा मी नवरा, अर्धी नणंद." तू भाताची पेज मागून घेतलीस. कच्चा कांदा मागितलास आणि मी नाही म्हटलं म्हणून रुसलास. खिडकीशी उभा राहिलास. हे सगळे दिवस त्या मागल्या दाराच्या पेपराने दिलेले होते. माझ्या कामाने मला आयुष्यात जे काही दिलं असेल, त्यात मी हे सगळ्यात वर ठेवते.

दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा तेच औषध दिलं आणि ते चाललं नाही. तोवर जंतूने तेही पचवायला शिकून घेतलं होतं. मी तुला कसं सांगू म्हणून झग्याच्या नाड्या बांधत दारातच रेंगाळले, आणि तू माझा चेहरा बघून ओळखलंस. "पास झाला का तो?" तू विचारलंस. "हुशार पोट्टा आहे." मग माझा हात हातात घेतलास. हातमोज्यावरून अंगठा फिरवत राहिलास, रबर कुठे संपतं ते शोधल्यासारखा.

"मी रबराशी बोलून राह्यलो का बेबीशी?"

"बेबीशी."

"बरं."

एवढंच. हातमोजा काढ, असं तू म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर मी काय केलं असतं? पलीकडे ती मुलगी होती. मी काढला नसता. तुला ते माहीत होतं म्हणूनच तू म्हणाला नाहीस, आणि तुझा हा समजूतदारपणा मला आता सोसवत नाही. भांडला असतास तर बरं झालं असतं.

तुला मूलला आणलं तेव्हा सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. पाणी तापवून ठेवलं होतं, पांढरं कापड आणलं होतं. वस्तीतले सगळे लोक आले होते. पण आंघोळ घालायची वेळ आली आणि पुरुषमंडळी जागची हलेनात. दवाखान्यात तुला वेगळं ठेवलं होतं, हे गावात पोचलं होतं. शेजारचे प्रल्हादकाका पुढे होऊन हळूच म्हणाले, "बाई, हात लावाले चालते ना? तिथं तं तुमीसुद्धा हातमोजे घालून जात होता म्हंतात. लहान लेकरं आहेत घरात, म्हणून इचारलं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तुझं प्रेत न्यायला रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस तो. पण मी बघत होते, की आपल्याच वस्तीत, आपलीच माणसं, आपल्याच माणसाला शिवायची परवानगी मागत होती. मी म्हटलं, "चालते काका. मंग साबणानं हात धुवा, बस." तरी पहिलं पाऊल कोणी टाकेना.

माझ्या पर्समध्ये हातमोज्यांची जोडी होती. असतेच. मी ती काढली. माझ्या हाताखालच्या कुणा पोरीने ती न घालता असल्या देहाला हात लावला असता तर मी तिला फाडून खाल्लं असतं. ती जोडी मी परत पर्समध्ये ठेवली, तांब्या उचलला आणि तुझ्या अंगावर पाणी घातलं. वहिनी दुसऱ्या बाजूला येऊन बसली. मग आई. मग प्रल्हादकाकांनी मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या आणि ते तुझ्या पायांशी बसले. मग सगळेच आले. तुझे हात मी धुतले, दादा. सुयांच्या काळ्यानिळ्या खुणांवरून बोटं फिरवली. माझ्या उघड्या हातात तुझा हात किती दिवसांनी होता. त्रिशरण सुरू झालं तेव्हाही मी तो धरून होते आणि कोणीतरी माझी बोटं एकेक करून सोडवली.

तर, त्या कोऱ्या प्लेटनंतर मी तुझं ऐकलं. माझा स्वॅब दिला. मीनलने काही न विचारता लावला. दुसऱ्या दिवशी तिने प्लेट माझ्यासमोर ठेवली आणि चहा आणते म्हणून बाहेर निघून गेली.

निळे ठिपके, ओलसर, रांगेने उभे. कोणतं औषध चालतं, कोणतं चालत नाही, तेही ताडून बघितलं. तुझ्या प्लेटशी जुळतं.

आमच्या डॉक्टर मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, घाबरू नका, निरोगी माणसाला तो काही करत नाही, हात नीट धुवा, काम चालू ठेवा. जनुकांची तपासणी करायला पाठवू का, असंही विचारलं. मी विचारलं, त्यातून काय कळेल? त्या म्हणाल्या, दोघांचा जंतू अगदी एकच आहे का, ते कळेल. आणि कोणाकडून कोणाकडे गेला? ते नाही कळणार, त्या म्हणाल्या. मग नको, मी म्हटलं.

कोणाकडून कोणाकडे, तेवढंच तर मला कळायला हवं होतं. त्या दिवशीच्या आंघोळीतून तो माझ्याकडे आला असेल, तर येऊ दे, माझी काही तक्रार नाही. पण तो आधीपासून माझ्यात असेल तर? दवाखान्यातून माझ्या पोटात, माझ्या बोटांवरून तुझ्या ताटातल्या कांद्यात? मी माझ्या पेशी देऊन तुला वाचवायला निघाले आणि त्याच्या कितीतरी आधी हे देऊन बसले असेन तर? दादा, तू हसत हसत विचारलं होतंस. मी रोज विचारते, हसायला येत नाही. कुणाच्या घरून निघालं हे, कोणालाच माहीत नाही.

वडशाची ती मुलगी घरी गेली. तिच्या प्लेट शेवटपर्यंत कोऱ्या होत्या. हे तुला सांगायचं राहून गेलं, तू शुद्धीवर नव्हतास. आणि पिवळी पाटी अजून एकाच दारावर लागते. मी मीटिंगमध्ये तुझं म्हणणं मांडलं, सगळ्या दारांवर लावा म्हणून. मॅडम म्हणाल्या, एवढे झगे कुठून आणायचे? तुझ्या वेळी मी त्यांच्याच बाजूने बोलले होते. पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा मांडणार आहे. भांडण मी एकटीने चालू ठेवलं आहे, दोन्ही बाजूंनी.

आईला मी सगळं सांगितलं. लपवून काय करू? ती गहू निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "म्हंजे माहा बाबू गेला, अन् हे आहेच?" मी म्हटलं, हो. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याचंच आहे ना? राहू दे मंग."

मी तिच्यावर केवढ्याने ओरडले. आई, हे चांगलं नसते, यानंच तं गेला तो, काई बोलून राह्यली तू! ती परत गहू निवडू लागली.

मॅडम म्हणतात, निरोगी माणसात तो फार टिकत नाही. काही आठवड्यांनी परत स्वॅब द्या, बहुतेक गेलेला असेल. इतकी वर्षं मी फोनवर लोकांना सांगत आले, काही उगवलं नाही, प्लेट कोरी आहे, आणि पलीकडे लोक देवाचं नाव घेताना ऐकलं. सोमवारी माझा दुसरा स्वॅब आहे. मीनल प्लेट लावेल, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडायला मला बोलावेल. मी रोज इतके हात धुते, दादा, आणि मनातून आईसारखीच म्हणते आहे, राहू दे.